सोमवारचा बिघाड

टोकिलुपे गेली तेव्हा तिची पिल्लं आठ दिवसांची होती.

पिल्लं म्हणजे मोत्याच्या शिंपल्यांची. त्या वयात ती डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या भांड्यात पाणी घेऊन उजेडासमोर धरलं, तर पाण्यात धूळ तरंगतेय असं वाटतं. माझी बायको त्या धुळीकडे बघून सांगायची, आज यांनी पोटभर खाल्लंय. सत्तावीस वर्षं तिने वावाऊ बेटावरच्या हॅचरीत, म्हणजे शिंपल्यांची पिल्लं वाढवायच्या केंद्रात, हेच काम केलं. एका शुक्रवारी सकाळी नेइआफूच्या बाजारात तारोचे कंद निवडता निवडता ती खाली बसली आणि उठली नाही.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. शिंपल्यांतलं मला एवढंच कळतं, की पिल्लं तीन महिने टाकीत जगली तर समुद्रात दोरीला टांगता येतात आणि पुढे आपली आपण वाढतात. ही तिची शेवटची खेप. ती समुद्रापर्यंत पोचवायची, असं मी ठरवलं. बोललो कुणाला नाही. पण गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण मी रोज सकाळी सात वाजता काळे कपडे घालून, आमच्याकडे शोकात कमरेला बांधतात ती जुनी चटई बांधून हॅचरीच्या दारात उभा असायचो आणि तिथे माझं काही काम नसायचं.

हॅचरीची प्रमुख वाइमोआना. चाळिशीची आहे, हसरी आहे आणि तोंडाने फटकळ. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, नुसते उभे राहू नका. खांब आहेत आमच्याकडे."

मग तिने मला अडचण सांगितली. टाकीतल्या पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारं एक यंत्र आहे, आणि पाणी किती आंबट झालंय ते सांगणारं, म्हणजे पीएचचं, दुसरं. दोन्ही जुनी, दोन्ही चांगली. टोकिलुपे दर दोन तासांनी त्यांचे आकडे वहीत उतरवायची. पिल्लं टाकीत असली की तीन महिने ती तिथेच बाकावर झोपायची आणि मी घरी सुखाने घोरायचो. आता दर दोन तासांनी उठणार कोण? हवा सोडणारा पंप बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तासा-दीड तासात सगळी खेप संपते.

मी हे सगळं ऑकलंडला मुलीला सांगितलं. सिउतीती तिथे एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. पंधरा दिवसांनी एका नातेवाइकाच्या सामानातून, मटणाच्या डब्यांच्या मधे ठेवून, तिने एक कॉम्प्युटर पाठवला. पत्त्यांच्या जोडाएवढा. त्याला ना पडदा, ना बटणं, नुसती एक हिरवी पाटी आणि कडेला चार भोकं. मला वाटलं, याचं बाकीचं सामान मागून येणार. नाही, तेवढाच होता.

यंत्रांच्या पाठीला जुन्या पद्धतीचं सॉकेट होतं. त्यातून वायर काढून तिचं टोक या कॉम्प्युटरच्या भोकात घालायचं, आणि मग दर पाच मिनिटांनी यंत्राने आकडा बोलायचा आणि कॉम्प्युटरने तो लिहून घेऊन हॅचरीतल्या जुन्या प्रिंटरवर छापायचा, असा बेत होता. पहिले तीन दिवस आकड्यांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं यायची. सिउतीती फोनवर म्हणाली, "बाबा, यंत्र बोलतंय. पण त्याचा बोलण्याचा वेग वेगळा आणि याचा ऐकण्याचा वेगळा, म्हणून कळत नाही."

"तुझ्या आईच्या माहेरची माणसं अशीच बोलतात," मी म्हटलं.

ती हसली. चौथ्या दिवशी वेग जुळला. ऑक्सिजन सहा पूर्णांक दोन, पीएच आठ पूर्णांक एक. वाइमोआनाने टाळ्या वाजवल्या. ऑक्सिजन चारच्या खाली गेला तर वाजावा म्हणून मी छपरावर एका जुन्या ट्रकचा भोंगा बसवला. तो एकदा वाजवून बघितला तेव्हा शेजारच्या चार डुकरांनी कुंपण तोडलं. दुरुस्ती मलाच करावी लागली.

त्या दिवसापासून कुणी बाकावर झोपायची गरज उरली नाही, पण मी झोपलो असतो तरी चाललं असतं. घर मोठं वाटायचं.

पुढच्याच सोमवारी बिघाड झाला. सकाळी वाइमोआनाने कॉम्प्युटरचा कागद बघितला, तर पीएच सहा पूर्णांक दोन. समुद्राचं पाणी इतकं आंबट होतच नाही. ती घाबरली आणि तिने टाकीतलं निम्मं पाणी काढून नवं भरलं. पाणी असं एकदम बदललं की पिल्लं तोंड मिटून घेतात, खात नाहीत, आणि जी अशक्त असतील ती टाकीत सोडलेल्या दोरीवरून सुटून तळाला पडतात. संध्याकाळी तिने चाळणीत गोळा केलेली मेलेली पिल्लं मला दाखवली. आता ती तांदळाच्या कणीएवढी झाली होती. मी चाळणी हातात घेतली आणि बराच वेळ परत द्यायचं विसरलो.

मी सगळ्या वायरी उपसल्या, टोकं स्पिरिटने पुसली, परत लावल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आकडे ठीक आले. टोकं खराब होती, मी म्हटलं. पुढचा सोमवार बरा गेला. त्यानंतरच्या सोमवारी परत पाणी आंबट. या वेळी मी वायरी बदलल्या. परत सगळं ठीक. वायरी खराब होत्या, मी म्हटलं. त्यानंतरच्या सोमवारी परत तेच, तेव्हा मी विजेला दोष दिला, खाऱ्या हवेला दोष दिला, आणि कॉम्प्युटरखाली एक पाल सापडली तेव्हा तर मला इतका आनंद झाला, की वाइमोआनाने विचारलं, "काका, पाळणार का तिला?"

पाल गेली, बिघाड राहिला. इंजिनाचा अनुभव सांगतो, जो बिघाड रोज होतो तो सोपा. जो कधी होतो, कधी होत नाही आणि हात लावला की आपोआप बरा होतो, तो माणसाला म्हातारा करतो. तोवर खेपेतला पाचवा हिस्सा गेला होता. वाइमोआना म्हणाली, अजून दोन सोमवार असे गेले तर समुद्रात न्यायला काही उरणार नाही.

शेवटी तिलाच सापडलं. रविवारी आमच्याकडे कुणी कामाला हात लावत नाही. ती सकाळी पिल्लांना खायला घालते आणि चर्चला जाते. आकड्यांकडे बघत नाही. बघितले तर काहीतरी करावं लागेल म्हणून. या वेळी सोमवारी तिने रविवारचा पूर्ण कागद पसरला आणि ऑक्सिजनच्या रांगेवर बोट ठेवलं. आठ पूर्णांक एक, आठ पूर्णांक एक, दिवसभर, रात्रभर.

"काका, अठ्ठावीस अंशाच्या खाऱ्या पाण्यात आठ ऑक्सिजन मावतच नाही. साडेसहाच्या वर काकूंनी कधी बघितला नाही."

मी दोन्ही रांगा बघितल्या. ऑक्सिजनच्या जागी आठ पूर्णांक एक, पीएचच्या जागी सहा पूर्णांक दोन. पाणी आंबट झालंच नव्हतं; वायरी लावल्यापासून यंत्रांच्या स्वतःच्या पडद्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर पडत होता. आम्ही पाच आठवडे चांगलं पाणी फेकून पिल्लं मारत होतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. अशा दिवशी हवेचा पंप बंद पडला असता, तरी कॉम्प्युटरला ऑक्सिजन आठच दिसला असता. भोंगा वाजलाच नसता.

सिउतीतीला फोन केला. ती म्हणाली, चूक तिची आहे. दोन्ही वायरी एकाच दुकानातल्या, एकसारख्या. कॉम्प्युटरला त्या जुळ्या भावांसारख्या दिसतात. म्हणून तिने लिहून ठेवलं होतं, की जी वायर आधी लागेल ती ऑक्सिजनची आणि मागून लागेल ती पीएचची. मी दर वेळी ऑक्सिजनची आधी लावायचो, सवयीने. म्हणजे मधे कुणीतरी वायरी काढत होतं आणि उलट लावत होतं.

हॅचरीच्या किल्ल्या तीन. एक वाइमोआनाकडे, एक माझ्याकडे आणि एक माझी थोरली बहीण एसेता हिच्याकडे. एसेताताई शनिवारी संध्याकाळी हॅचरी झाडून-पुसून घेते.

मला सगळं कळलं असं वाटलं. ताई धर्माची कडक. शनिवारी सूर्य मावळायच्या आत तिचं अंगण झाडलेलं, इस्त्री झालेली, रविवारचं जेवण पानांत बांधून भट्टीशेजारी ठेवलेलं. ती रेडिओचीसुद्धा वायर काढून ठेवते. देवाच्या दिवशी यंत्रानेही विसावा घ्यावा म्हणून ती वायरी काढत असणार आणि मग कुणीतरी रागवेल म्हणून परत लावत असणार. मी वाइमोआनाला म्हटलं, तू सांग तिला.

"मी? मागच्या वर्षी मी एसेताकाकूंना म्हटलं, फडकं जरा नीट पिळा. त्यांनी तीन आठवडे फडकंच ओलं केलं नाही."

सिउतीतीला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "बाबा, आत्या आहे ती. आत्याला जाब कोण विचारणार? माझ्या लग्नात केक कुणी कापायचा ते ती ठरवणार आहे."

"मग तुमचे तुम्हीच सांगा," वाइमोआना म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली. भाऊ बहिणीला तिची चूक दाखवत नाही, थोरल्या बहिणीला तर नाहीच. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे मला मुलांच्या वेगळ्या घरात झोपायला पाठवलं, आणि तेव्हापासून चर्च सोडलं तर ताई आणि मी एका छपराखाली बसलो नव्हतो. बोलायचो नाही असं नाही. देव बरं करो, तब्येत कशी आहे, एवढं बोलायचो. बाकी सगळं टोकिलुपेमार्फत. ताईचं छप्पर गळतंय, हे मला टोकिलुपे सांगायची. मी पत्रे घेऊन जाईन तेव्हा ताई शेजारी गेलेली असेल, हे ती जमवायची. चौतीस वर्षं ती दोन घरांमध्ये जा-ये करत होती आणि मला वाटायचं, ती गप्पा मारायला जाते.

मी भ्याडासारखं वागलो. प्लायवूडची एक पेटी केली, कॉम्प्युटर आणि वायरींची टोकं तिच्यात घातली आणि पेटीला कुलूप लावलं.

शनिवारी ताई येऊन गेली. रविवारी दुपारी दर आठवड्यासारखी तिने माझ्या कुंपणाच्या खांबावर जेवणाची टोपली ठेवली. टोकिलुपे गेल्यापासून ती दर रविवारी ठेवते; मी रिकामी टोपली सोमवारी परत तिथेच अडकवतो. त्या दिवशी नारळाच्या दुधातल्या पानांच्या पुडीवर हॅचरीची किल्ली ठेवलेली होती. स्वच्छ घासलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. जेवण नेहमीसारखंच गरम होतं. ते मी खाल्लं, आणि त्याची मला लाज वाटली.

सोमवारी आकडे सगळे जागेवर. मी स्वतःला म्हटलं, झालं ना काम. मंगळवारी ऑक्सिजन पाच पूर्णांक नऊ. बुधवारी साडेपाच. गुरुवारी पाचच्या खाली. शुक्रवारी दुपारी भोंगा वाजला आणि डुकरं परत पळाली.

आम्ही धावत गेलो. पंप चालू होता, टाकीत बुडबुडे चांगले येत होते, पिल्लं तोंड उघडून बसली होती. वाइमोआनाने बाटलीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकून हाताने ऑक्सिजन तपासला. सहा पूर्णांक दोन. पाणी खरं बोलत होतं, यंत्र खोटं. मी यंत्राची पाण्यात सोडलेली नळी वर ओढली. टोकाला हिरवा बुळबुळीत थर चढला होता, जुन्या बोटीच्या बुडाला असतो तसा.

"अठ्ठावीस अंशाचं पाणी आणि पिल्लांना रोज शेवाळाचं खाणं," वाइमोआना म्हणाली. "हे आठवड्याला घासावंच लागतं. टोकिलुपेकाकू घासायच्या."

"मग इतके दिवस कोण घासत होतं?"

"तुम्ही ना?"

मी नाही म्हटलं. आम्ही दोघांनी मोरीकडे बघितलं. तिथे पेल्यात एक मऊ दातांचा ब्रश उभा होता आणि शेजारी व्हिनेगरची बाटली. मला वाटायचं तिचा आहे. तिला वाटायचं माझा आहे.

त्याच दुपारी मी ताईच्या घरी गेलो. आत गेलो नाही. पायरीवर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. दार उघडं होतं आणि आत ती चटई विणत होती. पानांची पट्टी पट्टीखालून ओढल्याचा आवाज येत होता. मी घसा साफ केला. आवाज थांबला.

"फिलिमोने," आतून ती म्हणाली. "टोपली राहिली आहे तुझ्याकडे."

"आणतो. ताई, मी कुलूप लावलं."

"बघितलं मी."

"मला वाटलं, तू रविवारसाठी यंत्रं बंद करतेस."

आत तिने पट्टी जमिनीवर आपटली. मग म्हणाली, "मशीनला कुठला आत्मा आहे, की त्याला रविवार असेल? मी म्हातारी झाले आहे, वेडी नाही."

मी मान खाली घातली. ती दिसत नव्हती तरी घातली.

मग तिने सांगितलं, आणि ती बोलत असताना पट्टी ओढण्याचा आवाज परत सुरू झाला, म्हणून मला ऐकायला सोपं गेलं. शनिवारी नळ्या धुवायचं काम टोकिलुपेचं. ती धुवायची आणि ताई फरशी पुसायची, आणि दोघी बोलत बसायच्या. व्हिनेगर किती, पाणी किती, ब्रश कसा धरायचा, दाबायचा नाही, बाळाच्या हिरड्या पुसतात तसा फिरवायचा, हे सगळं ताईने बघून बघून शिकून घेतलं होतं. वायरी आधी काढायच्या, कारण ओल्या हाताने विजेला हात लावायचा नाही, असं टोकिलुपेनेच बजावलं होतं. तेव्हा वायरी भिंतीत जायच्या. आता त्या हिरव्या पाटीत जातात, तर ताई तिथून काढायची.

"ती गेली त्या आठवड्याला मी पुसायला गेले," ताई म्हणाली, "आणि शनिवार होता. ब्रश तिथेच होता. कुणी मला सांगितलं नाही की करू नको. म्हणून केलं."

"मला कुणी सांगितलं नाही की तू करतेस."

"तुला कोण सांगणार?" ती म्हणाली.

रस्त्यावरून एक माणूस गाढवाएवढा ओंडका खांद्यावर घेऊन गेला; त्याने मला तिथे बसलेला बघून दोनदा मागे वळून पाहिलं.

"त्या वायरी लावताना माझं काय चुकत होतं?" तिने विचारलं. "मी दोन्ही घट्ट लावायचे."

तोंडापर्यंत आलं होतं, की ऑक्सिजनची आधी लाव. दोन शब्दांचं काम होतं. पण ती सत्तरीला आली आहे, चष्मा चर्चपुरता वापरते, आणि बिघाड तिच्या हातात नव्हताच. माझ्या मुलीने आणि मी असा कॉम्प्युटर बसवला होता, की जो पुढे येईल त्यालाच ऑक्सिजन समजेल.

"तुझं काही चुकत नव्हतं," मी म्हटलं. "आमचं चुकलं. तू पाहिजे तशी लाव. उद्या येशील ना धुवायला?"

"किल्ली?"

ती मी खिशात घालूनच आणली होती. पायरीवर ठेवली आणि निघालो.

रात्री सिउतीतीला फोन करून म्हटलं, कॉम्प्युटरला जरा माणुसकी शिकव. आल्या आल्या आकडा लिहून घेऊ नकोस, आधी विचार म्हणावं, तू कोण. ती म्हणाली, यंत्र नाव सांगत असेल तर ते सोपं आहे. यंत्रांबरोबर आलेली पुस्तकं टोकिलुपेने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. त्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अमुक खूण पाठवली तर यंत्र आपलं नाव आणि नंबर सांगेल. मी पान वाचून दाखवलं, मुलीने लिहिलं, आणि सकाळपर्यंत झालं. मी वायरी दहा वेळा उलटसुलट लावून बघितल्या, या भोकात, त्या भोकात, आधी ही, आधी ती. दहाही वेळा दोघांनी आपापलं नाव सांगितलं आणि आकडे आपापल्या रांगेत पडले. मग मी पेटीचे खिळे काढले आणि प्लायवूड वाइमोआनाला दिलं. तिने त्याचं कोंबड्यांना दार केलं.

ताई शनिवारी आली. मी तिथून आधीच निघून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये दुसरं भजन संपलं होतं आणि पाद्री बोलायला उभे राहिले होते. मी पुरुषांच्या बाजूला मागे होतो, ताई गायिकांच्या पहिल्या रांगेत, पांढऱ्या टोपीत. भोंगा वाजला.

सगळं चर्च स्तब्ध झालं. रविवार, आणि उपासना चालू. वाइमोआना त्या दिवशी आईला घेऊन पलीकडच्या बेटावर गेली होती. मी उठायला गेलो, आणि खरं सांगतो, पाय उचलेना. चाळीस वर्षांत मी रविवारी पानाही हातात घेतला नव्हता, आणि माझ्या अंगावर शोकाचे कपडे होते, आणि सगळे बघत होते.

पहिली उठली ती ताई. भजनाचं पुस्तक बाकावर ठेवून ती मधल्या वाटेने सरळ चालत आली, पाद्रींना मान लववली आणि बाहेर पडली. माझ्या बाकाजवळून जाताना ती थांबली नाही, पण मला ऐकू येईल एवढ्याने म्हणाली, "ऊठ. पिल्लं वाट बघतायत."

मी तिच्या मागून पळालो. पाद्री काय म्हणाले ते मला अजून माहीत नाही. नंतर कुणी रागावलं नाही, एवढं माहीत आहे.

हॅचरीत पंप गप्प होता. त्याचा पट्टा तुटला होता. टाकीचं पाणी काचेसारखं शांत होतं. पट्टा बदलायला अर्धा तास लागला असता. मी कोपऱ्यातलं पेट्रोलचं हवेचं यंत्र ओढून आणलं आणि दोरी ओढली. पाचव्या ओढीला ते सुरू झालं. तोवर ताईने चपला काढून, पांढऱ्या झग्याच्या बाह्या वर करून रबरी नळी टाकीत सोडली होती. नळी उडत होती, म्हणून तिने ती दोन्ही हातांनी तळाशी दाबून धरली. खांद्यापर्यंत भिजली. पाणी उकळल्यासारखं बुडबुडायला लागलं.

मग करायला काही उरलं नाही. तिला नळी सोडता येत नव्हती आणि मला यंत्र. आम्ही दोघं त्या एका छपराखाली उभे होतो, चार हातांच्या अंतरावर, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

"किती आहे?" ताईने विचारलं. "मला इथून दिसत नाही."

मी ऑक्सिजनच्या यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. "तीन पूर्णांक चार."

"वाईट आहे?"

"चारच्या वर गेलं तर वाचतील."

तिने नळी जरा सरकवली. मी बघत राहिलो. तीन पूर्णांक पाच आला, तो बराच वेळ हलला नाही. मग तीन पूर्णांक सहा. मी सांगितलं. मग तीन पूर्णांक आठ. मी सांगितलं. टाकीतल्या दोरीवर पिल्लं बसली होती, आता बोटाच्या नखाएवढी, आणि ती जिवंत आहेत की नाहीत हे मला बघून कळत नव्हतं. टोकिलुपेला कळलं असतं.

"चार," मी म्हटलं. "ताई, चार झाला. चार पूर्णांक एक."

तिने मान हलवली. तिच्या टोपीवरून पाणी गळत होतं. हात दुखत असणार, पण तिने नळी सोडली नाही. आता सांगायचं काही राहिलं नाही, असं वाटून मी गप्प झालो. यंत्राच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"का थांबलास?" ती म्हणाली. "सांग पुढे."

"चार पूर्णांक तीन," मी म्हटलं. मग, "साडेचार." आणि मग पाच, आणि पाच पूर्णांक दोन. दर आकड्याला ती "हं" म्हणत होती.